बसवलेला पंख

"अहो, तो बघा! पंख मोडलाय त्याचा!"

तंबूच्या तोंडाशी बसलेल्या काकू ओरडल्या, आणि स्टोव्हशी झटापट करणारे प्लास्टरकाका असे काही उठले की चहाचं पातेलं एकीकडे आणि झाकण दुसरीकडे.

वाळूच्याच रंगाचा, मुठीएवढा पक्षी. डावा पंख लुळा पडलेला, शेपटी विस्कटलेली. कोलमडत, फरफटत, केविलवाणं ओरडत तो किनाऱ्याने लांब लांब चालला होता.

प्लास्टरकाका म्हणजे हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालणारे. कामाला वाघ, पण बढाईत वाघाचाही बाप. मोडलेलं हाड त्यांना म्हणे रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायचं. सर्कशीतल्या उंटाचा पाय त्यांनी एकदा शिडीवर चढून बसवला होता, आणि ही गोष्ट सांगताना तो उंट दर खेपेला हातभर वाढायचा. "बेताने हं, आता छपराला लागेल," असं काकू म्हणायच्या.

"जा ना," काकू म्हणाल्या. "तुमच्यावाचून त्याला कोण बघणार?"

"आणि तू? एकटी?"

"मला काय धाड भरलीय? छान ऊन खातेय. जा. आणि घाई नका करू, नीट बसवून या."

डॉक्टरांनी काकूंची औषधं थांबवली होती. आता घरीच आराम करू द्या, म्हणाले होते. आराम नको, समुद्र हवा, असा काकूंनी हट्ट धरला. काकांनी अट घातली: पोटात एक जरी कळ आली तरी सांगायचं, त्या क्षणी तंबू गुंडाळायचा आणि थेट दवाखाना. काकूंनी कबूल केलं. आणि नवल म्हणजे, इथे आल्यापासून कळीचं नाव नव्हतं. खारा वारा मानवला, असं काकांनी स्वतःला सांगून टाकलं होतं. स्वतःलाच थाप मारायची तर मारणारा पट्टीचा लागतो, आणि तो तर ते होतेच.

खांद्यावरचा टॉवेल जाळ्यासारखा धरून काका निघाले. हात पोचेल एवढ्यावर गेले की पक्षी धडपडत पुढे सरके. काका दम खायला थांबले की तोही थांबे, वाळूत आडवा होई आणि असा काही टाहो फोडी की दगडाला पाझर फुटावा.

"अरे बाबा, थांब जरा! फुकट करतोय तुझं काम!"

खडकांपाशी पोचता पोचता काकांचे डोळे बारीक झाले. मघाशी डावा पंख लुळा होता. आता उजवा लोंबत होता. हाडं त्यांनी तऱ्हेतऱ्हेची पाहिली होती, पण मोडकेपणाने अशी कूस बदललेली कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात पक्षी उभा राहिला. अंग झाडलं. आणि दोन्ही पंखांनी झकास उडून, काकांच्या टकलावरून, तंबूच्या दिशेने निघून गेला.

"लबाड लेकाचा!" काका खो खो हसले. तिकडे कुठेतरी खड्यांत याची अंडी असणार. माणूस जवळ आला म्हणून हे दुखण्याचं सोंग. त्याला भुलवून लांब न्यायचं. उभा जन्म हाडं बसवण्यात गेला, आणि म्हातारपणी एका पाखराने बनवलं! हे आधी तिला सांगायला हवं, म्हणून ते हात वर करून वळले.

लांबवर तंबूसमोर काकू गुडघ्यांवर होत्या. दोन्ही हातांनी पोट आवळलेलं, कपाळ वाळूत रुतलेलं. पाठ हेलकावत होती. आवाज इथवर येत नव्हता. येऊ नये म्हणूनच तर इथवर पाठवलं होतं.

काका धावले. जरासे धावले, आणि मध्येच उभे राहिले. आपण पोचलो तर तिला दिसू. तिला दिसलो तर अट. अट म्हणजे दवाखान्यातली ती खोली, ती खाट, आणि खिडकीबाहेरची ती भिंत.

ते परत फिरले. खडकावर बसले, तोंड पाण्याकडे करून. कण्हणाऱ्या माणसाकडे त्यांनी आजवर कधी पाठ केली नव्हती. टॉवेलचं टोक त्यांनी दातांत घट्ट धरलं.

किती लाटा आल्या आणि गेल्या कोण जाणे. मग हाक आली.

"अहो! सापडला का?"

आवाज खणखणीत होता.

काका सावकाश परतले, लांबूनच खाकरत, गाणं गुणगुणत. काकूंनी तोंड धुतलं होतं, केस सारखे केले होते, स्टोव्हसुद्धा पेटवला होता. कपाळावर मात्र वाळू तशीच चिकटलेली. काकांचा हात पुसायला उठला आणि स्वतःचंच टक्कल खाजवून खाली आला.

"बसवला," ते म्हणाले. "एका झटक्यात. आधी चोच मारली मला. मग लाजला, अंगठ्यावर डोकं टेकवलं. जाताना म्हणाला, वहिनींना नमस्कार सांगा."

"आणि हा दीर कुठून काढलात?" काकू हसल्या. मध्येच थांबल्या, श्वास धरला आणि पुन्हा हसू लागल्या.

थोड्या अंतरावर तो पक्षी उतरला. तुरुतुरु चालत आला, खड्यांवर नीट फुगून बसला. दोघं त्याच्याकडे बघत राहिली.

"काही झालंच नव्हतं असं वाटतं, नाही?" काकू म्हणाल्या.

"हातगुण आहे माझा."

चहा उकळून वर आला. काकूंनी तो कपांत ओतला. थोडा सांडला. समुद्राकडे बघत, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "एवढ्यात निघायचं नाही ना?"

काकांनी कप खाली ठेवला आणि हातोडी उचलली.

"वारा वाढेल असं दिसतंय," ते म्हणाले. आणि तंबूच्या मागे जाऊन, आधीच गळ्यापर्यंत रुतलेल्या खुंट्या आणखी खोल ठोकू लागले.