ताटलीवरचं नाव

सणासाठी काचेच्या ताटल्या धाकटी जाऊ मागच्या बाजूने रंगवायची. महिनाभर ती खिडकीशी मान मोडून वेलबुट्ट्या काढत बसली, तेव्हा थोरली येता-जाता नाक मुरडायची, "रिकामटेकडीचे उद्योग!"

सणाच्या दिवशी मात्र पाहुण्यांनी ताटल्यांची वाहवा केली, तशी थोरलीच लगबगीने पुढे झाली.

"अहो, सगळं माझ्याच हातचं! हिला कुठलं जमायला?"

सासूबाईंसमोर तमाशा नको, म्हणून धाकटी पाहुण्यांना वाढत राहिली.

"मग एका ताटलीवर तुमचं नाव घालून द्या ना मला," एका पाहुणीने गळ घातली.

थोरलीने ऐटीत ब्रश मागवला, ताटली पालथी केली आणि रंगकामाशेजारच्या मोकळ्या काचेवर ठसठशीत नाव लिहिलं. पाहुणीने ताटली सुलटी केली. वेलबुट्टी सुरेख दिसत होती, नाव मात्र आरशात दिसावं तसं उलटं.

"अगंबाई, हे असं कसं झालं?"



धाकटीने थोरलीकडे न बघताच तिच्या हातातला ब्रश काढून घेतला, दुसऱ्या ताटलीच्या पाठीवर उलट्या अक्षरांत सरसर आपलं नाव लिहिलं आणि सुलटी करून पाहुणीच्या हातात दिली.