मागच्या रांगा

"पुढची सर्व्हिस तुझी. बदली पाठवू?" कोचसरांनी बाकावरून ओरडून विचारलं.

लंबूने मान हलवली. नाही.

नाही म्हणाली खरी, पण सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात होती. सकाळी हॉटेलच्या खोलीत दाराखालून चिठ्ठी आली होती: 'ज्यू पोरी, सर्व्हिसला उभी राहशील तेव्हा आम्ही तुझ्या पाठीमागे बसलेले असू.' पोलिसांनी सगळं स्टेडियम पालथं घातलं, माणसा-माणसाची पिशवी उघडली. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच असतं!

जाळ्याजवळ निदान आजूबाजूला पोरी असतात. सर्व्हिसला मात्र मागच्या रेषेबाहेर एकटीने उभं राहायचं, पाठ थेट प्रेक्षकांकडे करून. बारा वर्षं देशाकडून व्हॉलीबॉल खेळताना हीच तिची लाडकी जागा. आज तिथवरची चार पावलं संपता संपेनात.

दुपारी आई फोनवर रडवेली झाली होती. "बये, पाय दुखतोय म्हणून सांग आणि बस बाकावर. कोण विचारतंय?"

"आज बसले ना आई, तर पुढच्या प्रत्येक मॅचला चिठ्ठी येईल. मग माझं खेळणंच संपलं."

फोनवर बोलायला काय जातंय! आता मात्र ती रेषेबाहेर एकटी उभी होती. तिने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. तिसऱ्यांदा तो ओल्या हातातून निसटला, तसा तिने वाकून उचलला. तेवढ्यात मागे कुणाची तरी खुर्ची खाडकन मिटली. मेले, असंच तिला वाटलं. वळून बघायचं होतं, पण मान वळेना.

"ए लंबू!"

हाक कॅप्टनची होती. या वेळी सगळ्यांनी जाळ्यापलीकडे, समोरच्या संघाकडे बघायचं असतं. कॅप्टनने मात्र जाळ्याकडे चक्क पाठ केली होती.

"तू पुढे बघ गं. मागचं आम्ही बघतो."

लंबूने डोळे वर केले. पाचही जणी तिच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या एकेका रांगेवर फिरत होती. हसत कुणीच नव्हतं. सगळ्यात धाकटी तर ओठांतल्या ओठांत रांगा मोजत होती.

पंचांची शिट्टी वाजली. तरी एकीनेही मान वळवली नाही.

लंबूने चेंडू वर उडवला.