काळा दगड, पांढरा दगड

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुमच्या एका हातात मोठा पांढरा दगड आहे आणि दुसऱ्या हातात छोटासा काळा. जड कोणता?

भरवेलीच्या बालवाडीत चार वर्षांची मयुरी हाच खेळ रंगून खेळत होती. तेवढ्यात खाणीतली पाळी संपवून तिचा बाप प्रेमलाल तिला न्यायला आला आणि दारातच थबकला.

"बाई, मी खाणीत दिवसभर दगडच निवडतो. पोरीले हे काम करा लागू नये म्हणून इथं धाडलं, अन् तुमी तिले दगडच देऊन राह्यले? उद्यापासून नाही धाडत तिले."

बालवाडीच्या शीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "नका धाडू, भाऊ. पन आज तिच्यासंगं एक डाव खेळून त पाहा."

मयुरीनं दोन्ही दगड बापाच्या हातांवर ठेवले. "बाबा, भारी कोनता?"

"हा काया. आमच्या खाणीतलं मँगनीज हाये थे."

"लहान हाये, मंग भारी काहून?"

प्रेमलालनं दोन्ही दगड पुन्हा तोलून पाहिले. इतके दगड निवडले, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"मले नाही मालूम, बेटा."

मयुरी टुणकन उभी राहिली. "त मंग फोड ना, अंदर काय हाये पाहू." कपच्या उडतील म्हणून तिनं सगळ्या पोरांना मागे सरकवलं, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघत राहिली.