उठून जाणारा

अभिमन पुन्हा उठला. दाराजवळचा तांब्या उचलून, कोणाकडे न बघता, केळींमधून नाल्याकडे निघून गेला.

"तिसरी खेप," बन्सीलाल म्हणाला.

चोपड्याबाहेरच्या तोतारामनानांच्या मळ्यात, विहिरीमागच्या खोपीत चौघे दुपारपासून बसले होते. मध्ये पत्रकांचा गठ्ठा होता. बेचाळीसचा कार्तिक चालू होता. असा गठ्ठा कोणाकडे सापडला तर सक्तमजुरी ठरलेली. उद्या तो तापीपार, अमळनेरला पोचवायचा होता. पायी. नेणार होता अभिमन, कारण चौघांत एकट्या त्याच्यावरच पोलिसांचा डोळा नव्हता.

"त्यानावरच डोळा नही, तो कसा काय?" बन्सीलालने विचारले.

नानांनी मान वर केली. हे त्यांच्याही मनात येऊन गेले होते. आठ दिवसांपूर्वी त्यांच्यातलाच पाचवा, पुना, याच मळ्याच्या वाटेवर पकडला गेला. त्या दिवशीही अभिमन असाच मधून उठून गेला होता आणि बऱ्याच वेळाने परतला होता.

"आपलं खात बी नही तो," बन्सीलाल पुढे म्हणाला. "भरीत नको, ठेचा नको. घरनं फडकं सोडस, दोन घास गियस, आन बस. ज्याले आपली भाकर चालत नही, तो आपला कसा?"

नाना रूपचंदकडे वळले. "त्याना मांगे जाय. काय करस, कोनले भेटस, देखी ये."

रूपचंदने कुडाला खोचलेला विळा काढून घेतला. नाना बघत होते. त्यांनी हटकले नाही.

नाल्याच्या काठाला बोरीची गर्दी होती. रूपचंद वाकून पुढे सरकला. कोणी बोलत असेल म्हणून कान देत होता. बोलणे नव्हते. दात आवळून धरलेल्या माणसाच्या घशातून येतो तसा आवाज येत होता.

अभिमन एकटाच होता. कपाळ बांधाला टेकवून, दोन्ही हात पोटात खुपसून गुडघ्यांवर बसला होता. बऱ्याच वेळाने तो सरळ झाला. शेजारच्या खड्ड्यावर पायाने माती लोटू लागला. माती पडण्याआधी रूपचंदला खड्ड्यातले रक्त दिसले.

पाय घसरला आणि बोर हलली. अभिमन वळला. त्याने आधी रूपचंदकडे पाहिले, मग विळ्याकडे.

"विळा कसाले?"

"पान कापाले," रूपचंद म्हणाला. दोघांनाही ते खोटे वाटले. मग तो खाली बसला. "कितला दिन व्हयनात?"

"दोन वरीस. मधमा बरं वाटस, मग पुन्हा तेच."

"घर कोनले माहीत शे?"

"मायले, आन मनी बायको झुंबरले. दहीभात तीच बांधी देस."

"आमले का नही सांगं? आमना बठ्ठासना तुनावर संशय शे."

"माले माहीत शे." अभिमनने तांब्यातले उरलेले पाणी हातांवर ओतले. "सांगतू, ते तुम्ही माले घर बसाडतात. डॉक्टरनी बसाडं, मायनी बसाडं. सहा महिना मी खाटलावर पडी राहिनू, तरी पोट काय थांबनं नही. मंग उठनू, आन तुमनाकडे उनू." त्याने रिकामा तांब्या उचलला. "नानाले सांगू नको, भाऊ."

रूपचंदने मान डोलावली.

दोघे खोपीत परतल्यावर नानांनी रूपचंदला एवढेच विचारले, "काय देखं?"

"तो आपला शे, नाना."

"मंग जास कोठे?"

"ते नका इचारू."

बन्सीलाल हसला, चांगले हसणे नव्हते. नानांचे डोळे बारीक झाले. पण आता ते अभिमनकडे बघत नव्हते, रूपचंदकडे बघत होते. याच रूपचंदला त्यांनी मुलासारखे धरले होते. त्यांनी सावकाश हात पुढे केला आणि रूपचंदच्या गुडघ्याशी असलेला गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला.

"दोन झाले आते," बन्सीलाल म्हणाला.

रूपचंद मान खाली घालून बसला. त्याची कानशिले लाल झाली होती. तो काही बोलणार नाही, हे अभिमनला दिसले.

"नाना, मी सांगस." अभिमन दारातच उभा होता. "मना आतडास्ले जखमा शेतस. दिनमा सात-आठ येळ जानं पडस. रगत पडस. धुळाना डॉक्टर म्हने, हाई जन्मनं दुखनं शे. येत राही, जात राही. तिखट खाऊ ते मरू, म्हनीसन खात नही. कोनले भेटत नही मी तठे. एकलाच ऱ्हास."

बाहेर मोटेच्या चाकाची कुरकुर चालू होती.

"आजारी मानूसले कोन धाडस इतला लांब?" शेवटी बन्सीलाल म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "घर जाय, भाऊ. पडी ऱ्हाय."

अभिमनचा चेहरा एकदम पडला. फितूर ठरत असतानाही तो तसा पडला नव्हता.

नाना त्याला न्याहाळत होते. पायापासून वर, गिऱ्हाईक बैल बघतो तसे. पायांवर वाटेची माती होती, पोटऱ्या बारीक पण ताठ होत्या. गेल्या चार महिन्यांत सगळ्यांत जास्त चालले होते ते हेच पाय.

"अमळनेरपावत वाटमा कितला येळ बसनं पडी?" त्यांनी विचारले.

"आठ. धा बी."

नानांनी गठ्ठा त्याच्या हातात दिला.

"मंग लवकर निंघजो."