बोलती बंद

अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी बाईंची तीन खोल्यांची शाळा आहे. स्वतःचं नाव सांगतानाही अडकणारी मी, तिथूनच वटवट करत बाहेर पडले.

परवा भेटायला गेले, तर बाई एकट्याच. "नवी पाच मुलं आली नाहीत, तर महिनाअखेर शाळेला कुलूप. एकतीस वर्षांत जो इथं बोलायला शिकला, त्यानं बाहेर कुणाला सांगितलंच नाही गं."

"मी सांगेन ना, बाई. आता माझं तोंड कोण धरणार?"

बाई हसल्या.

काल वक्तृत्वात पहिली आले. परीक्षकांनी माइक पुढे केला. "इतकं छान बोलायला कुणी शिकवलं?" समोर माझा अख्खा नवा वर्ग बसला होता.

 

मी अजिबात न अडखळता म्हणाले, "कुणीच नाही."