अर्ध्या वाटेवरचा कडुनिंब

अर्ध्या टेकडीतच शाल्मलीला धाप लागली. वरच्या झाडांना घालायला आईने दिलेली दोन लिटर पाण्याची बाटलीसुद्धा जड झाली, तेव्हा तिने ती वाटेतल्याच एका मरतुकड्या कडुनिंबाच्या रोपापाशी रिकामी केली.

मागून येणारे टोपीवाले आजोबा थांबले. "शाबास पोरी! वरच्या झाडांना सगळेच पाणी घालतात, याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. आजपासून हे तुझं."

पंधरा वर्षांत शाबासकी अशी तिला फारशी मिळालीच नव्हती, आणि मिळाली तीही खोटी! ती दिवसभर टोचत राहिली. खरी करायची म्हणून शाल्मली दुसऱ्या दिवशी गेली, मग रोजच जाऊ लागली.

चार महिन्यांत वजन अवघं तीन किलो उतरलं. आई काट्याकडे बघून हिरमुसली. शाल्मली मात्र आता पाच लिटरचा कॅन घेऊन निघायची, कडुनिंबाला पाणी घालून उरलेलं थेट माथ्यावर न्यायची.

एकदा पायथ्याशी वर्गातला तन्मय भेटला. "तू वर जाणार? क्रेन मागवलीस का?"

पूर्वी ती मान खाली घालून घरी परतली असती. आज तिने कॅन त्याच्या हातात दिला. "चल, वर जाऊन बोलू."

कडुनिंबाच्या अलीकडेच तो घामाघूम होऊन दगडावर बसला. तिच्याकडे बघेना. टोमणा अगदी तिच्या जिभेवर आला होता.

"बरं झालं इथे थांबलास," ती म्हणाली. "या करंजाच्या रोपाकडे कुणी बघत नाही. आजपासून हे तुझं."

बोलताबोलता ती थबकली. त्या दिवशी आजोबांना सगळं दिसलं होतं तर!