खंदकामागचं घर

“जुन्या पासपोर्टचा नंबर तरी आठवतोय का, बाबा?” अंतरानं लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं.

“पंचवीस वर्षांपूर्वीचा? हरवला तो. सांगितलं ना.”

“मग फॉर्मात तसं लिहावं लागेल. पोलीस तपासायला येतीलच.”

विश्वेशनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. अंतराच्या आईनं, शरदिनीनं, स्वयंपाकघरातूनच हाक दिली, “अगं, आता माणसं येतील. फॉर्म नंतर भर.”

माणसं येणार होती ती साकुरा, म्हणजे जपानी चेरीची फुलं, बघायला जाणारी. एप्रिलच्या शेवटी बनारसमधल्या चौदा मराठी मंडळींना उत्तर जपानातल्या हिरोसाकीला फुलांचा बहर दाखवायला न्यायचं, हे अंतरानं वर्षभर डोक्यात घेतलं होतं. तिच्या छोट्याशा कंपनीची ही पहिलीच परदेशातली सहल. लोकांनी नावं दिली ती मात्र तिच्या वडलांच्या भरवशावर.

रामघाटावर सगळ्यांना ठाऊक होतं, की अंतरा दोन वर्षांची असताना विश्वेश जपानला, त्याच हिरोसाकीला गेले आणि अडीच वर्षांनी परत आले. आले तेव्हा नुसती हाडं उरली होती, डोक्यावर बोटभरही केस नव्हते. तिकडचं अन्न मानवलं नाही, असं शरदिनी सांगायची. मधल्या काळात त्यांची आई गेली. मणिकर्णिकेवर अग्नी चुलतभावानं दिला. विश्वेश एवढ्या लांबून येणार कसे? पण भाषा अशी घेऊन आले, की घाटावरचे जपानी पाहुणे थबकून मागे वळत. तेव्हापासून त्या पाहुण्यांना काशी दाखवणं हाच त्यांचा धंदा झाला. अंतरालाही जपानी त्यांनीच शिकवलं, अगदी बोट धरून.

दुपारी चारला माडीवरची खोली भरली. कुदो-सान सगळ्यांत शेवटी आल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत. पंचगंगा घाटाजवळच्या गेस्ट हाउसमध्ये उतरल्या होत्या. दर वर्षी महिनाभर येतात, असं मालक म्हणाला होता. का येतात, ते अंतरानं विचारलं नव्हतं. त्या हिरोसाकीच्या आहेत एवढं कळताच तिनं हट्टानं बोलावलं होतं.

“बाबा, तुमच्याच गावच्या निघाल्या!” सकाळी तिनं सांगितलं, तेव्हा विश्वेश पाठ दुखते म्हणून आडवे होऊ पाहत होते. तिनं ऐकलं नाही.

आता मात्र ते बोलायला लागले आणि रंगले.

“तिकडे फुलं गळतात तेव्हा खरी मजा,” ते म्हणाले. “किल्ल्याभोवती खंदक आहे. पाकळ्या पडून पडून सगळं पाणी गुलाबी होतं, पाणी दिसतच नाही. तिथले माळी सफरचंदाची झाडं छाटतात तशी साकुराची छाटतात. म्हणून एकेका डहाळीला घोस लागतात.”

अंतरा कुदो-सानना जपानीत सांगत होती. त्या मान डोलावत होत्या.

“आणि तुम्ही राहत कुठे होतात, पंत?” बँकेतून निवृत्त झालेल्या शरदरावांनी विचारलं. “ते घरही बघू की!”

शरदिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

“खंदकामागे,” विश्वेश म्हणाले. मग कुदो-सानकडे वळून जपानीतच सांगू लागले, पाहुणीला परकं वाटू नये म्हणून. “कोपऱ्यावर टोफूवाला. त्याला लागून लाकडी घर. जिन्याची तिसरी पायरी वाजते. वरच्या खिडकीतून इवाकी पर्वत दिसतो. आणि खालच्या खोलीतल्या खांबावर मुलाच्या उंचीच्या खुणा आहेत, सुरीनं केलेल्या. अकराव्या वर्षापर्यंतच. पुढे नाहीत.”

कुदो-सान त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“तुम्ही आमची बोली बोलता,” त्या म्हणाल्या. “पुस्तकातली नाही. घरातली.”

“हो ना!” अंतरा हसून म्हणाली आणि मंडळींना मराठीत सांगितलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

कुदो-साननी काठी बाजूला ठेवली. सतरंजीवरून सरकत त्या विश्वेशच्या अगदी समोर येऊन बसल्या.

“त्या खुणा माझ्या यजमानांनी केल्या,” त्या म्हणाल्या. “ते गेले तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्या घरात आम्ही दोघंच राहायचो. परकं माणूस तिथं कधी राहिलं नाही.”

हे अंतरानं मराठीत सांगितलं नाही.

“काय म्हणाल्या?” शरदरावांनी विचारलं.



“माझा मुलगा काशीहून पत्रं लिहायचा,” कुदो-सान म्हणाल्या. “मग पत्रं बंद झाली. सव्वीस वर्षं झाली. वकिलातीत विचारलं, पोलिसांना विचारलं. त्या नावाचा माणूस कुठेच सापडला नाही. तुम्हांला तो कुठे भेटला?”

विश्वेशनी वर पाहिलं. शरदिनीला जपानीतलं अक्षर कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. तिनं मान हलवली. नाही. अंतराला शब्दन् शब्द कळत होता. ती बाबांकडे बघत होती, लहानपणी धडा पुरा व्हायची वाट बघायची तशी.

एक खोटं आणखी बोलता आलं असतं. टोकियोत भेटला, बोटीवर भेटला, काहीही. समोरची म्हातारी पापणी न हलवता बसली होती.

“अहो,” शरदिनी हलकेच म्हणाली.

“इथेच भेटला,” विश्वेश जपानीत म्हणाले. “घरी कळू नये म्हणून त्यानं नाव खोटं सांगितलं होतं. शेवटी माझ्याच मांडीवर गेला. रोज तुमचं घर सांगायचा.” ते थांबले. मग पुढचं त्यांनी लेकीकडे बघत, मराठीत सांगितलं.

“मी जपानला कधी गेलोच नाही. आम्ही दोघं इथल्या तुरुंगात, एका बराकीत होतो.”